चिलखत घालावं की वार चुकवावा?

आजचा विषय नव्या खेळाडूंनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये पहिलं पात्र तयार करताना पाऊल इथेच अडतं. अंगावर जाड चिलखत चढवून वार झेलायचे, की हलकं राहून वार चुकवायचे?

मी फौजेत होतो म्हणून लोकांना वाटतं, हा माणूस डोळे झाकून चिलखत म्हणणार. प्रत्यक्षात माझं पहिलं पात्र चपळाईचं होतं. नोकरीत इतकं वजन वाहिलं होतं की निदान खेळात तरी मोकळं फिरावं असं वाटलं. त्यातून काय झालं ते शेवटी सांगतो. आधी हिशेब मांडू. मी २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे नियम धरतोय.

या खेळात वार लागला की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मारणारा फासा टाकतो, त्यात आपलं कौशल्य मिळवतो. बेरीज तुमच्या 'आर्मर क्लास'इतकी किंवा जास्त झाली की वार लागला. म्हणजे चिलखत इथे जखम कमी करत नाही, वार लागण्याची शक्यता कमी करतं. चपळाईही तेच करते. म्हणून नवखा गोंधळतो.

आता आकडे. पूर्ण प्लेटचं चिलखत घातलं की आर्मर क्लास १८, हातात ढाल असेल तर २०. हलक्या चिलखतातलं सर्वांत चांगलं, म्हणजे स्टडेड लेदर, १२ देतं आणि त्यावर चपळाईचा बोनस मिळतो. चपळाई कमाल २० वर नेली तर बोनस ५, एकूण १७. म्हणजे ढाल बाजूला ठेवली तर शेवटी फरक फक्त एकाचा! मग प्लेटसाठी १,५०० सोन्याची नाणी कशाला मोजायची? वर तिचं वजन ६५ पौंड, म्हणजे जवळजवळ तीस किलो. ताकद १५ च्या खाली असेल तर चालण्याचा वेग १० फुटांनी घटतो. लपायचं म्हटलं तर दोन फासे टाकून त्यातला लहान धरावा लागतो.

हा फरक समजायला तीन प्रसंग घेऊ. दोन्ही पात्रं सातव्या पातळीची. एक फायटर, प्लेट आणि ढाल, आर्मर क्लास २०. दुसरं रोग. रोग म्हणजे आजार नव्हे हो, चोरपावलांनी फिरणारा भामटा. त्याची चपळाई १८, आर्मर क्लास १६. क्रिटिकल वार हिशेबातून वगळतो, म्हणजे गणित सोपं राहील.

पहिला प्रसंग, सहा गॉब्लिन एकदम अंगावर आले. गॉब्लिन फाशात ४ मिळवतो आणि त्याचा वार सरासरी साडेपाचाचा. फायटरला लागण्याची शक्यता २५ टक्के, रोगला ४५ टक्के. एका फेरीत फायटरचे साधारण ८ पॉइंट जातात, रोगचे १५. रोगकडे 'अनकॅनी डॉज' आहे, दिसणाऱ्या शत्रूच्या लागलेल्या वाराचं नुकसान तो निम्मं करू शकतो. पण फेरीत फक्त एकदा. तो धरूनही रोगचे १२ जातात. गर्दीत चिलखत जिंकलं.

दुसरा प्रसंग, समोर एकटा ओगर. फाशात ६ मिळवतो, वार सरासरी १३ चा. फायटरला ३५ टक्के, रोगला ५५ टक्के. पण एकच वार येतोय, त्यामुळे रोगची सवलत पूर्ण वसूल होते. फायटरचे सरासरी साडेचार जातात, रोगचे साडेतीन. आर्मर क्लास चारने कमी असूनही हलकं पात्र थोडं सरस ठरलं.

तिसरा प्रसंग, जादूगाराने फायरबॉल टाकला. नुकसान सरासरी २८. इथे आर्मर क्लास बघतच नाहीत. चपळाईचा फासा टाकून १५ गाठायचे. गाठले तर नुकसान निम्मं, नाहीतर पूर्ण. आमच्या फायटरने ताकदीसाठी चपळाई ८ वर ठेवली आहे, म्हणजे फाशातून १ वजा. त्याला यश २५ टक्के वेळा, आणि सरासरी साडेचोवीस पॉइंट जातात. रोग फाशात ७ मिळवतो, यश ६५ टक्के. शिवाय सातव्या पातळीला त्याला 'इव्हेजन' मिळतं. फासा जमला तर नुकसान शून्य, चुकला तरी निम्मंच. सरासरी ५. साडेचोवीस आणि ५! आगीपुढे दीड हजार नाण्यांची प्लेट पत्र्याच्या डब्यासारखी.

तेव्हा पहिला प्रश्न 'चांगलं काय' हा नसून 'मारणार कोण आणि कसं' हा आहे. पुष्कळ लहान वार येणार असतील तर चिलखत. एक मोठा वार किंवा आग, वीज, ड्रॅगनचा फूत्कार येणार असेल तर चपळाई. तुमचा डंजन मास्टर कुठल्या प्रकारची मोहीम चालवतो हे त्यालाच विचारा. त्यात कमीपणा काही नाही. आम्हीसुद्धा मोहिमेवर जाण्याआधी विचारत होतो की समोर कोण आहे.

दोन गोष्टी आणखी, ज्या पुस्तक वाचताना नजरेतून सुटतात.

एक, चिलखत अर्धवट घालू नका. गॉब्लिनसमोर आर्मर क्लास १२ चा १३ केला तर लागण्याची शक्यता ६५ वरून ६० टक्के होते. तेरा वारांतला एक वाचला. पण २० चा २१ केला तर २५ वरून २० टक्के, म्हणजे पाचातला एक वाचला. वाढ दोन्हीकडे एकाचीच, पण ज्याच्या अंगावर आधीच भरपूर चिलखत आहे त्याला तिचा फायदा जास्त. म्हणून चिलखताचा रस्ता धरला तर ढाल घ्या, बचावाची शैली घ्या, शेवटपर्यंत जा. जड चिलखतात चपळाईचा बोनस मोजतच नाहीत, तेव्हा दोन्हीकडे थोडं थोडं टाकणारा दोन्हीकडे तोट्यात जातो.

दोन, रात्र. प्लेट चढवायला १० मिनिटं लागतात. लढाईची एक फेरी ६ सेकंदांची. म्हणजे तुम्ही पट्टे बांधत असताना १०० फेऱ्या होऊन जातील! चिलखत काढून झोपलेल्या आमच्या फायटरवर छापा पडला तर त्याचा आर्मर क्लास ९, घाईने ढाल उचलली तर ११. चपळाई मात्र झोपतानाही अंगावरच असते. तिचा शत्रू वेगळा आहे, जाळं. 'वेब'सारख्या जादूत अडकलात की चपळाईचा फासा दोनदा टाकून लहान धरायचा. पळणाऱ्याचे पाय बांधले की त्याच्याकडे फारसं काही उरत नाही.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, मग चपळाईच बरी. लपता येतं, बाण मारता येतो, पहिला डाव मिळवता येतो, आगीतून निसटता येतं. मलाही तसंच वाटलं होतं. आता माझी गोष्ट.

आमचा खेळ रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर चालतो. मी डेहराडूनला, नात बडोद्याला, पुतण्या बंगळुरूला. मी रोग, नात विझार्ड, पुतण्या डंजन मास्टर. आम्ही दुसऱ्या पातळीवर होतो. पाच फूट रुंदीचं भुयार, पुढे मी, मागे नात. समोरून गॉब्लिन आले. दुसऱ्या पातळीला रोगला एक सोय मिळते, वार करून त्याच डावात शत्रूच्या आवाक्यातून सहीसलामत मागे सरकता येतं. मी एकाला भोसकलं आणि तिच्या बाजूने मागे निघून गेलो. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे अगदी बरोबर खेळलो. मला ओरखडाही आला नाही.

पण मी जिथे उभा होतो ती जागा रिकामी झाली. गॉब्लिन त्या जागेतून पुढे आले आणि समोर सापडली नात. तिचा आर्मर क्लास १२, पॉइंट सारे १२. पुढच्या दोन फेऱ्यांत ती शून्यावर गेली, आणि मी तिच्यापर्यंत पोहोचण्याआधी मृत्यूचे तीन फासे चुकले. तीन महिने खेळवलेलं पात्र संपलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आजोबा, तुमचा एकही पॉइंट गेला नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही. खेळच तो, पण वाक्य खरं होतं. नोकरीत बुलेटप्रूफ जॅकेटवरून मी हा वाद कितीदा मिटवला होता. चढणीवर जवान म्हणायचा, साहेब, प्लेट काढू द्या. तो आळशी नव्हता. दम लागलेल्या माणसाचा नेम थरथरतो हे मलाही ठाऊक होतं. मी त्याला विचारायचो, वर पोहोचल्यावर तुझं काम काय? ज्याला हलत राहायचं आहे त्याचं वजन मी कमी करत असे. ज्याला एका जागी उभं राहून वाट अडवायची आहे त्याला मात्र कधीच नाही. इतकं जगून भुयारात मी तोच प्रश्न स्वतःला विचारायला विसरलो.

वार चुकवणं फक्त चुकवणाऱ्याला वाचवतं. चिलखत घालून तुम्ही जागेवर उभे राहू शकता, आणि तुमच्यामागे कुणी असेल तर त्याला त्या उभं राहण्याचा उपयोग होतो. शत्रूला तुमच्या चौकातून आरपार जाता येत नाही. अरुंद वाटेत फायटरचं शरीर म्हणजेच दरवाजा. हा फायदा आर्मर क्लासच्या रकान्यात दिसत नाही, त्यामुळे माझ्या तीन प्रसंगांच्या हिशेबातही तो आला नव्हता.

म्हणून पात्र करायला बसलात की आधी स्वतःकडे बघू नका, टोळीकडे बघा. पुढे उभं राहणारा कुणी असेल तर खुशाल रोग व्हा, टेहळणी करा, बाजूने मारा, आगीतून हसत बाहेर या. पुढे कुणीच नसेल तर ते काम तुमचं. चेन मेल आणि ढाल घ्या, फायटरला सुरुवातीलाच मिळतात, आर्मर क्लास १८ होतो. प्लेटची नाणी जमतील तेव्हा जमतील. आणि रोग होऊन पुढे चालावंच लागलं, तर मागे सरकण्याआधी एकदा वळून बघा, तिथे कोण उभं आहे.

माझं आताचं पात्र फायटर आहे. रात्रीच्या छाप्यात दोनदा मार खाल्ला, एका फायरबॉलमध्ये जवळजवळ संपलो. नातीचा नवा विझार्ड पाचव्या पातळीला पोहोचला आहे आणि अजून शाबूत आहे.

पुढच्या भागात ढालीबद्दल बोलू. तोपर्यंत फासे सांभाळा. नमस्कार.