मध्यरात्रीची बस आणि मंगलमूर्तीचे दर्शन

भाद्रपद शुद्ध चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत मुंबई नगरी निजत नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु शेवटची लोकल निघून गेल्यावर आणि पहाटेची पहिली सुटण्यापूर्वी, ज्याच्यापाशी स्वतःचे वाहन नाही अशा भाविकाने दर्शनाला जावे कसे आणि घरी परतावे कसे, हा प्रश्न फारसे कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर ‘बेस्ट’च्या तांबड्या बसगाडीने दिलेले आहे.

या नगरीत पहिली बस धावली ती १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. रात्रभर चालणारी सेवा त्या मानाने पुष्कळच अलीकडची. २०२२ साली ‘बेस्ट’ने काही मार्गांवर मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत तासातासाने गाडी सोडण्यास आरंभ केला. कुलाब्याच्या इलेक्ट्रिक हाउसपासून शीवच्या राणी लक्ष्मीबाई चौकापर्यंत जाणारा ६६ क्रमांकाचा मार्ग त्यांत होता. शिवाय अलीकडच्या वर्षांत गणेशोत्सवाच्या रात्री जादा गाड्या सोडण्याचाही परिपाठ पडला आहे.

कुलाबा म्हणजे परगावच्या नि परदेशच्या प्रवाशांचे माहेरघर. दिवसा तेथे गेटवेपाशी नावांसाठी आणि छायाचित्रांसाठी झुंबड असते. मध्यरात्री मात्र थांब्यावर निराळीच माणसे दिसतात. उपाहारगृहातले काम आटोपलेला वाढपी, हातात दूर्वा आणि जास्वंदीची पुडी सांभाळणारी आजी, तिच्या खांद्यावर मान टाकून पेंगणारा नातू, आणि नकाशा उलटसुलट करून पाहणारा एखादा परदेशी पाहुणा. गाडी हलली, की या सर्वांचा प्रवास एकच होतो. हुतात्मा चौक मागे पडतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची दिव्यांनी उजळलेली इमारत दिसताच पाहुणा खिडकीकडे धावतो. २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेली ही वास्तू मध्यरात्री पाहावी, गर्दीचा पडदा बाजूला झालेला असतो. आजीचे मात्र तिकडे लक्ष नसते. तिला ओढ लागलेली असते ती लालबागची.

फुले मंडई ओलांडून गाडी भेंडीबाजाराच्या अंगाने जाते. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली, तेव्हा मुंबईच्या मुस्लिम बांधवांनी आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढली. या रस्त्यावरून जाताना त्याची आठवण होते.

भायखळ्याच्या पुढे हवाच बदलते. हे गिरणगाव. येथल्या माणसाला रात्रीचे जागरण कोणी शिकवावे लागत नव्हते. गिरणीच्या भोंग्याने ते अंगी मुरविले होते. तिसऱ्या पाळीचा कामगार ज्या वेळी घराबाहेर पडे, त्याच वेळी चाळीतले दिवे आणि मंडपातली आरास जागी असे. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या, चिमण्या कोसळल्या, त्यांच्या जागी उंच मनोरे उठले; परंतु रात्री दर्शनाला जाण्याची रीत टिकली. आधी लागते चिंचपोकळी. तेथला चिंतामणी १९२० पासून विराजमान होत आलेला. मग गणेश गल्लीचा ‘मुंबईचा राजा’, १९२८ चा. आणि तेथून हाकेच्या अंतरावर १९३४ पासूनचा ‘लालबागचा राजा’. पेरू चाळीतला उघडा बाजार बंद पडला, तेव्हा कोळीणींनी आणि भाजीवाल्यांनी हक्काच्या जागेसाठी नवस केला, आणि ती मिळाल्यावर हा उत्सव मांडला, ही कथा आता सर्वज्ञात आहे. ज्या दैवताची स्थापनाच कष्टकऱ्यांच्या पोटाच्या प्रश्नातून झाली, त्याच्या दर्शनाला बसचे तिकीट काढून येणारी आजी मोटारीतून येणाऱ्याहून अधिक शोभते, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही.

लालबागला दोन रांगा असतात, एक नवसाची, दुसरी मुखदर्शनाची. पहिलीत किती तास उभे राहावे लागेल ते कोणी सांगू नये. वृद्धांनी आणि लेकुरवाळ्यांनी मुखदर्शनाची रांगच धरावी, यात भक्तीला कमीपणा नाही. तेथून पुढे त्याच दिशेची गाडी मिळाली, तर किंग्ज सर्कलला जी.एस.बी. सेवा मंडळाचा सोन्यारुप्याने मढलेला गणपती आहे. तो मात्र पाच दिवसांचाच; सहाव्या रात्री गेल्यास रिकामा मंडप पाहून परतावे लागेल.

रात्रीच्या गाडीत बोलणे कमी होते. चालकाचे लक्ष रस्त्यावरच्या गर्दीकडे, वाहकाचे तिकिटांकडे. कोकणातल्या घरी गणपती असताना चतुर्थीच्या दिवशी मुंबईत कामावर राहावे लागणारे या सेवेत पुष्कळ असावेत. त्यांच्या घरची आरती दुसऱ्याच कोणाच्या हातून होते. याचा विचार आपण क्वचित करतो.

एक गोष्ट खटकते, ती लिहिणे भाग आहे. एके काळी ‘बेस्ट’च्या ताफ्यात चार हजारांवर गाड्या होत्या, तो आकडा आता पुष्कळच खाली आलेला आहे. मे २०२५ मध्ये साध्या बसचे किमान भाडे पाचावरून दहा रुपये झाले, वातानुकूलित गाडीचे सहावरून बारा. भाडेवाढ एक वेळ सोसता येते. परंतु पहाटे तीन वाजता थांब्यावर पाऊण तास गाडीच येत नाही, तेव्हा आजीने टॅक्सीवाल्याशी घासाघीस करावी काय? उत्सवासाठी मंडपांना परवाने, रोषणाई, बंदोबस्त हे सारे वेळेवर होते; मग बारमाही रात्रसेवेकडेही तितक्याच आस्थेने पाहिले जावे.

ज्यांना या वर्षी हा प्रवास करावयाचा असेल, त्यांनी विसर्जनाचा दिवस टाळावा. त्या दिवशी लालबागपासून गिरगाव चौपाटीपर्यंतचे कित्येक रस्ते वाहनांस बंद होतात आणि गाड्या आडमार्गाने वळविल्या जातात. सुटे पैसे आणि पाण्याची बाटली जवळ असावी, लहान मुलांच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी घालावी. परतताना शीवकडची गाडी कोणत्या थांब्यावर लागते, हे रांगेत शिरण्यापूर्वीच वाहकाला विचारून ठेवावे.