ठेक्याच्या नकाशावरचा एक सेंटीमीटर पाण्यावर किती होतो?



तलावाच्या ठेक्याचे कागद आले की आपण रक्कम बघतो, मुदत बघतो आणि नकाशाचं पान उलटून टाकतो. पण रक्कम ठरते पाण्याच्या क्षेत्रावर आणि बीज किती सोडायचं तेही क्षेत्रावरच. म्हणून यावेळी नकाशाबद्दल थोडं लिहितो.

नकाशावर 1:10,000 असं छापलेलं असतं. म्हणजे कागदावरचा 1 सेंटीमीटर जमिनीवर 10,000 सेंटीमीटर. सोपी युक्ती अशी की मागची दोन शून्यं काढा, उरतात ते मीटर. 1:10,000 ला 100 मीटर, सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 च्या नकाशाला 500 मीटर. या दुसऱ्या नकाशावर 200 मीटर लांबीचं गावतळं जेमतेम 4 मिलिमीटर दिसतं. पेन्सिलीची रेघ एक मिलिमीटर इकडेतिकडे झाली की 50 मीटर गेले. त्यावरून लहान तळं मोजायच्या भानगडीत पडूच नका.

त्यापेक्षा जुना गावनकाशा चांगला. बेळगाव जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे आपल्याकडची जुनी मोजणी 33 फुटी साखळीची. त्या साखळीचे 16 आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, 1,089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एकर. अशा जुन्या नकाशांवर बऱ्याचदा 1:7,920 हे प्रमाण सापडतं. आकडा विचित्र वाटतो, पण हिशेब सुरेख आहे: 1 इंच म्हणजे 20 साखळ्या, 660 फूट. आणि 1 चौरस इंच म्हणजे बरोबर 10 एकर! चौकटीच्या कागदावर तळ्याची कड गिरवून घ्या आणि चौकटी मोजा. साडेतीन चौरस इंच भरले तर 35 एकर.

इथंच घोळ होतो. उताऱ्यावर एकर-गुंठे असतात आणि ठेक्याच्या कागदात हेक्टर. 1 हेक्टर म्हणजे 2 एकर आणि जवळपास 19 गुंठे. म्हणजे ते 35 एकर सव्वाचौदा हेक्टरच्याही आत. समजा हेक्टरी 1,000 बोटुकली सोडायची ठरली, तर 14 हजार पुरे. कुणी 35 हाच हेक्टरचा आकडा धरला तर 35 हजारांची खरेदी होईल, मासा वाढणार नाही आणि पैसे पाण्यात. शिवाय नकाशावरची कड बहुधा तळं पूर्ण भरल्यावरची असते. एप्रिल-मेमधलं पाणी आपल्या डोळ्यांनीच बघायचं.

आता मोबाईलचं. ग्रुपवर नकाशाचा फोटो आला, बोटांनी मोठा केला, की खाली छापलेलं 1:10,000 खोटं ठरतं. चित्र वाढलं, आकडा तोच राहिला. झेरॉक्सचंही तसंच. ए-4 चा कागद ए-3 वर मोठा केला की लांबी 1.41 पट होते, पण क्षेत्र थेट दुप्पट भरतं. उलट लहान केला तर पाणी निम्मं दिसतं. म्हणून आकड्यावर भरवसा ठेवू नका, नकाशाखाली मीटरच्या खुणा असलेली जी आडवी पट्टी काढलेली असते तिच्यावर ठेवा. ती चित्राबरोबरच लहानमोठी होते. पट्टीच छापलेली नसेल, तर दोन ठळक ठिकाणांमधलं अंतर, बांधाची लांबी म्हणा, प्रत्यक्ष टेपनं मोजून ताडून बघा.

पाण्याच्या पातळीचाही असाच गोंधळ. हिडकलची पूर्ण पातळी 2,175 फूट. ही समुद्रसपाटीपासूनची उंची, धरणाची खोली नव्हे (तरुण पोरं हमखास फसतात). तिला 0.3048 नं गुणलं की 662.94 मीटर. अलमट्टीच्या वादात 524.256 मीटर हा आकडा ऐकतो ना? तो निव्वळ 1,720 फुटांचं रूपांतर आहे. सध्याची 519.60 वजा केली तर फरक 4.656 मीटर, म्हणजे सव्वापंधरा फूट. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची 43 फुटांची धोका पातळी मात्र तिथल्या मोजपट्टीवरची आहे. तिची तुलना हिडकलच्या आकड्याशी करू नये.

आवक क्युसेकमध्ये सांगतात आणि साठा टीएमसीमध्ये. 11,574 क्युसेकनं 24 तास पाणी आलं की एक टीएमसी भरतो. हिडकलची क्षमता 51 टीएमसी. पावसाळ्यात बातमीत 23 हजार क्युसेक आवक ऐकलीत, तर दिवसाला दोन टीएमसीच्या आसपास चढ धरा, विसर्ग असेल तर तेवढा वजा करा, आणि होड्या-जाळी वर कधी ओढायची ते ठरवा.

या ठेक्याच्या कागदांवर सही करण्याआधी मूळ नकाशा घेऊन ऑफिसात या, मोबाईलवरचा फोटो नको. चौकटीचा कागद आणि फूटपट्टी आमच्याकडे आहे, तळ्याचं क्षेत्र सोबत बसून काढू. येताना सर्वे नंबरचा उतारा आठवणीनं आणा.