मातीचा बैल आणि चांद्रयानाची प्रतिकृती

पोळा जवळ आला की आपल्या नांदेड-लातूरच्या बाजारांत मातीचे बैल विकावयास येतात. समजा, एखाद्या विक्रेत्याने काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा बैल पुढे केला आणि हा लाल कंधारी आहे असे सांगितले. कंधारकडचा शेतकरी हसेल आणि पुढल्या दुकानाकडे वळेल. कंधारी जनावर लाल असते. ठिपक्यांचे पाहावयाचे तर देवणीकडे जावे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. आता त्याच बाजारात चांद्रयान-३ च्या ‘विक्रम’ लँडरची प्रतिकृती मांडली आणि तिच्या तळाशी चारऐवजी पाच इंजिने दाखविली, तर कोण हसेल? बहुधा कोणीच नाही. बैल आपण रोज पाहतो. यान आपल्यापैकी कोणी जवळून पाहिलेले नाही. जी वस्तू डोळ्यांनी पाहिलेली नाही, तिची प्रतिकृती हीच आपल्या लेखी मूळ वस्तू होऊन बसते. म्हणून तिच्यातल्या चुकांचा विचार करावयाचा.

प्रथम प्रमाण म्हणजे काय ते पाहू. एकास शंभर या प्रमाणाचा नमुना म्हणजे मूळ वस्तूची प्रत्येक लांबी शंभराने भागलेली. चांद्रयान-३ ला घेऊन जाणारे एलव्हीएम-३ हे रॉकेट ४३.५ मीटर उंच आहे. या प्रमाणात ते ४३.५ सेंटिमीटरचे होते. पण त्याच्या माथ्यावर बसलेला विक्रम सुमारे दोन मीटर रुंद, म्हणजे येथे अवघा दोन सेंटिमीटरचा, बोराएवढा! कपाटात रॉकेट वीतभर आणि लँडरही वीतभर, असे शेजारी शेजारी ठेवले व दोघांची प्रमाणे लिहिली नाहीत, तर एवढा लँडर एवढ्याशा रॉकेटात मावला कसा, हे कोड्यात टाकणारे होते.

दुसरा घोटाळा याहून गमतीचा आहे. पीएसएलव्ही आणि एलव्हीएम-३ यांत अधिक भार नेणारे ते अधिक उंच, अशी आपली समजूत होते व देखावे करणारे तसे करूनही टाकतात. प्रत्यक्षात पीएसएलव्हीची उंची सुमारे ४४ मीटर, म्हणजे दोघे जवळजवळ एकाच उंचीचे. फरक आहे तो अंगाचा. एकाचा मुख्य घेर २.८ मीटर व्यासाचा, तर दुसऱ्याचा ४ मीटर व्यासाचा, शिवाय दोन्ही अंगांस दोन जाडजूड बूस्टर. उड्डाणाच्या वेळी एकाचे वजन सुमारे ३२० टन, दुसऱ्याचे सुमारे ६४० टन. उंचीने पाहणाऱ्यास हे कळणार नाही.

आता चुकांचे प्रकार पाहू. काही चुका नाइलाजाच्या असतात. एक सेंटिमीटर जाडीची नळी एकास दहा प्रमाणात एक मिलिमीटरची होते; प्लॅस्टिकची केली तर हात लागताच मोडेल. म्हणून कारागीर ती जाड करतो. यानावरचे सोनेरी आवरणही असेच. ते सोन्याचे नसते. प्लॅस्टिकच्या अतिशय पातळ पडद्यांचे अनेक थर एकावर एक घालून ते उष्णतारोधक आवरण केलेले असते; पडद्याचा रंग पिवळसर आणि त्यामागे ॲल्युमिनियमचा चकचकीत लेप, म्हणून ते सोनेरी दिसते. खऱ्या यानावर ते सुरकुतलेले असते. नमुन्यावर गुळगुळीत सोनेरी रंग दिला, तर मूल म्हणते, यान सोन्याने मढविले आहे. ही चूक क्षम्य आहे, पण ती सांगावयास हवी.

दुसरा प्रकार आहे चुकीचे मूळ उतरविण्याचा. अमेरिकेने सॅटर्न-५ या प्रचंड रॉकेटाचा पहिला पूर्णाकृती सांगाडा मे १९६६ मध्ये लोकांसमोर आणला. तो उडावयाचा नव्हता. उड्डाणतळाची व्यवस्था जमते की नाही हे पाहण्यासाठी तो केला होता. त्याच्या पहिल्या टप्प्यावर एक रुंद काळा पट्टा होता. काळ्या रंगामुळे तो भाग उन्हात फार तापतो असे दिसून आल्यावर, उडणाऱ्या रॉकेटांवर तेथे पांढरा रंग आला. परंतु जोडून करावयाचे नमुने विकणाऱ्यांनी आधीची छायाचित्रे प्रमाण मानली, आणि १९६९ मध्ये चंद्रावर माणसे नेणाऱ्या रॉकेटाचे म्हणून काळ्या पट्ट्याचे नमुने पुढे अनेक वर्षे विकले गेले. कारागिरी निर्दोष, पण मूळच निराळे!

रशियाची कथा याहून वेगळी. गागारिन १२ एप्रिल १९६१ रोजी ज्या व्होस्टोक यानातून गेला, त्याचे खरे रूप १९६५ पर्यंत लोकांना दाखविलेच नाही. त्या काळातल्या चित्रांत व खेळण्यांत शेपटीची, पंखांची कल्पित याने दिसत. खरे यान पुढे आले तेव्हा कळले की, माणूस बसला होता तो भाग सुमारे २.३ मीटर व्यासाचा साधा गोल होता.

तिसरा प्रकार सरमिसळीचा, आणि आपल्याला सर्वांत जवळचा. २०१९ च्या चांद्रयान-२ मधील विक्रमला पाच इंजिने होती: भोवती चार आणि मध्यभागी एक. त्या वर्षी ७ सप्टेंबरला तो चंद्रावर आदळला. इंजिनांचा जोर अपेक्षेहून थोडा अधिक पडला, लहान लहान चुका साठत गेल्या आणि त्या सावरण्यास यानाला पुरेसे वळता आले नाही. शास्त्रज्ञांनी ते अपयश लपविले नाही. त्याच्यावरून पुढचे यान घडविले. मधले इंजिन काढले, पाय अधिक मजबूत केले, इंधन वाढविले, सौरपट्ट्या आणखी बाजूंना बसविल्या. उतरण्याची जागा पूर्वी सुमारे अर्धा किलोमीटर लांबी-रुंदीची होती. ती सुमारे चार किलोमीटर लांब व अडीच किलोमीटर रुंद केली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी विक्रम सुखरूप उतरला. त्याला चंद्राभोवती फिरणारे स्वतंत्र यान दिलेलेही नव्हते. चंद्रापर्यंत नेणारा भाग तेवढा सोबत होता, आणि संदेशांच्या कामी चांद्रयान-२ चे जुने फिरते यान साहाय्यास होते.

त्यानंतर महिन्याभरातच गणेशोत्सव आला आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी चांद्रयानाचे देखावे उभे राहिले. तो उत्साह योग्यच होता. पण जुन्या चित्रावरून पाच इंजिनांचा लँडर करून त्यावर तीनचा आकडा लिहिला, तर काय होते ते पाहा. चार वर्षांत आपल्या शास्त्रज्ञांनी जे शिकले, नेमके तेच त्या एका वाढीव इंजिनाने पुसून जाते. पाहणाऱ्या मुलाला वाटते, पहिल्या वेळी नशीब आडवे आले आणि दुसऱ्या वेळी साथीला आले. विज्ञान असे चालत नाही, हेच तर त्याला सांगावयाचे होते!

म्हणून आपल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत प्रत्येक नमुन्याखाली चार ओळींची पाटी असावी: यान कोणते, कोणत्या तारखेचे, प्रमाण किती, आणि नाइलाजाने काय बदलले. खर्च काहीच नाही. पाटी लिहिताना मुलाला इंजिने मोजावी लागतील, चित्राखालचे वर्ष वाचावे लागेल, भागाकार करावा लागेल. अशी दहा-वीस याने त्याच्या हाताखालून गेली म्हणजे त्याचीही नजर तयार होईल, आणि मग चुकीचे यान पाहून तोही कंधारच्या शेतकऱ्यासारखा हसेल.