पुण्याचा तारा, भातकुलीच्या गच्चीवर!

वन बीएचकेत तिघं राहिलो तरी आपली चिडचिड होते. बाथरूम कोण अडवतंय, वायफाय कोण खातंय! वृश्चिक राशीत मात्र एक अंधुक ठिपका आहे, ज्यात किमान सात तारे गुण्यागोविंदानं नांदतायत. चार एका गटात, तीन दुसऱ्या गटात, आणि दोन्ही गट एकमेकांना धरून. या एकत्र कुटुंबाचं नाव न्यू स्कॉर्पाय.

पत्ता लांबचा आहे, साधारण पावणेपाचशे प्रकाशवर्षं. म्हणजे आज आपल्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश तिथून निघाला, तेव्हा शिवरायांचा जन्मही झाला नव्हता.

पण खरी गंमत पुढेच आहे. या कुटुंबाच्या ओळखीत आपल्या पुण्याचा हात आहे, बॉस! विल्यम स्टीफन जेकब हा ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे इंजिनिअर्समधला अधिकारी. नोकरी सर्वेक्षणाची, वेड ताऱ्यांचं. १८४२ मध्ये त्यानं पुण्यात स्वतःची वेधशाळा थाटली आणि जोडताऱ्यांची मापं घेत बसला. १८४७ मध्ये त्यानं नोंदवलं की न्यू स्कॉर्पायमध्ये दोन नाही, तीन तारे आहेत. पुढे १८७०च्या दशकात शिकागोच्या शेरबर्न वेस्ली बर्नहॅमनं त्यातला ठळक ताराही दुहेरी असल्याचं दाखवलं. हा गडी दिवसा कोर्टात शॉर्टहँड घ्यायचा आणि रात्री दुर्बिणीला डोळा लावायचा. 'ऑफिसमुळे वेळच मिळत नाही' म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी!

जेकब पुढे मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला, मग मायदेशी परतला. पण पुण्याचं आकाश काही डोक्यातून जाईना. इथल्या डोंगरावर वेधशाळा उभारायची म्हणून नऊ इंची भिंग घेऊन तो ८ ऑगस्ट १८६२ला मुंबईत उतरला. आठच दिवसांनी, १६ ऑगस्टला, पुण्यात गेला. वय अवघं ४८.

त्यानं ज्या आकाशासाठी समुद्र ओलांडला, ते आज आपण दिव्यांनी पुसून टाकलंय. भर पुण्यातून हा ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसणं जवळपास अशक्य. मला तो भेटला थेट वऱ्हाडात, आजोळी, अमरावतीजवळच्या भातकुलीत. खारपाणपट्ट्यातली सपाट काळी जमीन, दक्षिणेला क्षितिजापर्यंत आडवं काही नाही. मे महिना, गच्चीवर अंथरुणं घातलेली. मी दुर्बीण भिंतीला टेकवून बसलेलो.

"काय पाहून राह्यला रे एवढ्या रात्री?" मामीनं विचारलं.

"सात तारे आहेत मामी, एका ठिकाणी."

"मले तं एकच दिसते बापा!"

दुर्बीण दिली. जरा वेळ शांतता. मग, "हाव! दोन हायेत!"

साध्या दुर्बिणीतून दोनच दिसतात. बाकीच्यांसाठी मोठी दुर्बीण आणि खगोलशास्त्रज्ञांची यंत्रं लागतात. पण जो ठिपका आपण आयुष्यभर एक समजतो, त्याचे दोन होताना पाहणं... सॉलिड फीलिंग!

तेवढ्यात गल्लीतल्या खांबावरचा पांढराशुभ्र दिवा लागला आणि अर्धं आकाश गेलं. पूर्वेला अमरावतीचा उजेडही चढतोच आहे. पुण्याचं जे झालं, ते भातकुलीचं व्हायला फार वर्षं लागणार नाहीत.

कधी आणि कसा बघाल?

पाऊस यायच्या आत, अमावस्येच्या आसपासची रात्र निवडा. मेअखेर मध्यरात्रीच्या, तर जूनच्या मध्यात साडेदहा-अकराच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करा. लालसर ज्येष्ठा शोधा. तिच्या उजवीकडे एकाखाली एक तीन तारे, ते अनुराधा नक्षत्र. त्यातल्या सर्वांत वरच्या ताऱ्याच्या डावीकडे, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर आपला ठिपका. दहा बाय पन्नासची दुर्बीण पुरते, फक्त हात हलू देऊ नका.

आणि हो, मोबाइल खिशात ठेवा, गच्चीवरचा दिवा बंद करा. तिकीट काढायची गरज नाही, पण थिएटरात अंधार हवाच!