समाजशास्त्राची तोंडओळख (भाग ६) : दर्जा, मिळालेला आणि मिळवलेला

मागच्या भागात आपण सामाजिक गट पाहिले. गटात प्रत्येकाची एक जागा असते आणि ती पाहूनच बाकीचे त्याच्याशी कसं वागायचं ते ठरवतात. या जागेला समाजशास्त्रात ‘दर्जा’ म्हणतात. तो उच्चच असतो असं नाही. सून, सरपंच, रिक्षाचालक, विधवा, निवृत्त शिक्षक हे सगळे दर्जेच. एकाच माणसाकडे एका वेळी असे अनेक दर्जे असतात.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ राल्फ लिंटन यांनी १९३६ साली ‘द स्टडी ऑफ मॅन’ या ग्रंथात दर्जाचे दोन प्रकार सांगितले. जन्माबरोबर किंवा आपण काही न करता आपल्याकडे येतो तो अर्पित दर्जा : लिंग, वय, नातं, जात. शिकून, कष्ट करून, निवडून येऊन मिळतो तो अर्जित दर्जा : वकील, परिचारिका, आमदार. अर्थात ही विभागणी वाटते तितकी काटेकोर नाही. डॉक्टरांच्या घरात जन्मलेल्या मुलाला डॉक्टर होणं सोपं जातं, म्हणजे मिळवलेल्या दर्जाच्या मुळाशीही बऱ्याचदा मिळालेला दर्जा असतो.

खरा प्रश्न पुढे आहे. हे दोन दर्जे एकमेकांच्या आड आले, तर समाज कोणता धरतो?

याचं उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यात लख्ख दिसतं. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ मध्ये एम.ए. झाले आणि पुढे लंडनमध्ये शिकले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर १९१७ मध्ये, ठरल्याप्रमाणे संस्थानाच्या नोकरीसाठी ते बडोद्याला आले. त्या काळी एवढं शिकलेली माणसं देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. तरीही अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मल्यामुळे त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी सराईत, पारशी नाव लावून, त्यांना खोली घ्यावी लागली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी पुढचं सांगितलं आहे. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी खोलीबाहेर येऊन उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायची तंबी दिली. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडे त्यांनी विचारून पाहिलं, पण कुठेच सोय झाली नाही. रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले.

या प्रसंगात पदवी, नोकरी, इंग्रजी, परदेशवारी असे अर्जित दर्जे एका पारड्यात होते आणि जन्माने चिकटलेला एकच दर्जा दुसऱ्या. भारी ठरला तो दुसरा. शिवाय तो मानणारे केवळ हिंदू नव्हते. जातीची उतरंड धर्माच्या कुंपणात थांबत नाही, हेही इथेच कळतं.

बाकीच्या सगळ्या ओळखींवर मात करणाऱ्या अशा ओळखीचा सिद्धान्त शिकागोचे समाजशास्त्रज्ञ एव्हरेट ह्यूज यांनी १९४५ साली मांडला. त्यांच्यासमोर अमेरिकेतला कृष्णवर्णीय डॉक्टर होता. त्याचं वैद्यकीय ज्ञान कितीही असलं, तरी मोक्याच्या वेळी लोकांना आधी त्याचा वर्ण दिसत असे. अशा दर्जाला प्रधान दर्जा म्हणतात.

म्हणून दर्जा हा माणसाच्या अंगचा गुण नव्हे. तो समाजाने मान्य करण्यावर टिकतो. पदवी विद्यापीठ देतं, पण ती पदवी धारण करणाऱ्याला सराईत खोली द्यायची की नाही, हे आजूबाजूची माणसं ठरवतात. आजही घर भाड्याने पाहायला गेलं की ‘आडनाव काय?’ हा प्रश्न नोकरीच्या आधी येतो. विवाहविषयक जाहिरातीतही पगाराच्या आधी जात आणि पोटजात छापलेली असते.

मात्र जे माणसांनी मानलं, ते माणसांना बदलताही येतं. भारतीय राज्यघटनेचं कलम १५ या दृष्टीने वाचावं. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास ते मनाई करतं. ही जवळजवळ सगळी यादी अर्पित दर्जांचीच आहे, आणि त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेबच होते. कायद्याने दार उघडलं आहे. आडनाव न विचारता खोली देणं, हे मात्र तुमच्या-माझ्यासारख्या घरमालकांच्या हातात आहे.

(पुढील भागात : भूमिका आणि भूमिकासंघर्ष)