पऱ्हाटीतली वीज

कापसाची शेवटची वेचणी झाली, की गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावांत शिवारभर पऱ्हाट्या उरतात. काही मोळ्या चुलीसाठी घरी येतात, बाकीच्या बांधावर पेटवल्या जातात. एक किलो वाळलेल्या पऱ्हाटीत साधारण १५ मेगाज्यूल, म्हणजे चार युनिट विजेइतकी ऊर्जा असते. ती वीज म्हणून कशी मिळवायची?

गोबरगॅस संयंत्राचा इथे उपयोग नाही. पऱ्हाटीतले लिग्निन त्यातल्या जिवाणूंना पचत नाही. त्यासाठी उष्णतेने वायूकरण करावे लागते. भट्टीत हवा मुद्दाम अपुरी सोडतात. थोडे लाकूड जळते, बाकीच्याचा कोळसा होतो. जळण्यातून निघालेला कार्बन डायॉक्साइड आणि वाफ त्या धगधगत्या कोळशातून जातात. कोळसा त्यांच्यातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि उरतात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन, दोन्ही ज्वलनशील. हवेतून आलेला नायट्रोजन मात्र या वायूत निम्म्याच्या आसपास असतो. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी अशाच वायूवर चालत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९०च्या दशकात उसाचे पाचट व चिपाडे वापरणारी अशी संयंत्रे बनवली. पाचट हलके आणि सुटे असते, त्यामुळे हे काम लाकडापेक्षा अवघड होते.

हा वायू इंजिनात जाळला, तर ऊर्जेचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत उतरतो. इंधन-घटात ज्वाळाच नसते. विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ मध्ये दाखवलेलीच ही कल्पना. आपल्या कामाचा घट झिर्कोनियाच्या चिनीमातीसारख्या पातळ पडद्याचा असतो. सुमारे ७०० ते १००० अंश सेल्सिअसला हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेऊन आयन होतो आणि पडद्यातून पलीकडे जातो. तिथे हायड्रोजनशी मिळून पाणी आणि कार्बन मोनॉक्साइडशी मिळून कार्बन डायॉक्साइड तयार होतो. सुटलेल्या इलेक्ट्रॉनांना पडद्यातून वाट नसते. ते बाहेरच्या तारेतून फिरून येतात. हीच वीज. कमी तापमानाच्या घटातले प्लॅटिनम कार्बन मोनॉक्साइडने निकामी होते, इथे मात्र तोच इंधन ठरतो.

वायूकरणासह एकूण ३५ टक्के ऊर्जा विजेत उतरली, तर एका युनिटला सुमारे पाऊण किलो पऱ्हाटी पुरेल. इंजिनाला सव्वा ते दीड किलो लागते.

मग गावोगाव असे घट का नाहीत? अडचण डांबराची. वायूबरोबर येणारी चिकट वाफ थंड होताच नळ्यांत बसते, आणि गंधकाचा अंशही घटातल्या निकेलला बिघडवतो. आमच्या मते खरा प्रश्न घटाचा नसून वायू स्वच्छ करण्याचा आहे. शिवाय घट महाग असतात. म्हणून आपल्याकडे बहुतेक ठिकाणी इंजिनेच जोडली गेली.

शाळेत वायूकरणाचा प्रयोग करू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास, आणि तो जीवघेणा आहे. त्यापेक्षा विद्यार्थ्यांना एका गुंठ्यातली वाळलेली पऱ्हाटी वजन करायला सांगावे, आणि त्यातली किती मोळ्यांनी घरच्या चुलीवर येते, हेही आईला विचारून लिहायला सांगावे. चूल पेटती ठेवून जी उरेल, तेवढीच विजेसाठी मोजायची.