कॅन्सरवर शरीराचीच फौज : लहान रेणूंच्या औषधांचा शोध

कॅन्सरसारखा मर्ज घरात शिरला की व्यापाऱ्याची पेढी आणि कारागिराचा माग, दोन्ही डळमळतात. दवाखान्याच्या खर्चात भांडवल संपते. म्हणून या रोगावरील औषधांच्या बाजारात काय चालले आहे, हे आपल्या वर्गानेही समजून घेतले पाहिजे, असे आम्हास वाटते.

आपल्या रक्तात टी-पेशी नावाचे पहारेकरी असतात. रोगट पेशी ओळखून ते त्यांना मारतात. मात्र त्यांनी घरच्याच माणसांवर हात उगारू नये म्हणून निसर्गाने त्यांना लगामही घातला आहे. कॅन्सरची गाठ नेमका हाच लगाम खेचून धरते. अमेरिकेचे जेम्स ॲलिसन व जपानचे तासुकु होंजो यांनी या लगामांचा शोध घेतला. त्याबद्दल दोघांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लगाम सैल करणारे पहिले औषध अमेरिकेत २०११ साली मंजूर झाले. अशा औषधांनी काही रोगी वर्षानुवर्षे जगले. सर्वांनाच गुण येतो असे मात्र नाही.

ही औषधे म्हणजे अँटिबॉडी, प्रथिनांचे अवाढव्य रेणू. ॲस्पिरिनच्या रेणूपेक्षा त्यांचे वजन सुमारे आठशे पट. ती जिवंत पेशींत तयार करावी लागतात व सुईनेच द्यावी लागतात. साहजिकच किंमत भारी. याउलट लहान रेणू रसायनांच्या कारखान्यात बनतो, बहुधा गोळीच्या रूपाने घेता येतो आणि अँटिबॉडी जिथे पोहोचत नाही त्या पेशीच्या आतही शिरतो.

या लहान रेणूंचे नाते आपल्या धंद्यातील रंगांशी आहे. सुताला चढणारा रंग पॉलिएस्टरला चढत नाही, हे प्रत्येक रंगारी जाणतो. जर्मनीचे पॉल एर्लिख यांनी पाहिले की रंगही काही पेशींनाच धरतात. त्यावरून १८९१ साली त्यांनी मिथिलीन ब्लू हा रंग मलेरियाच्या रोग्यांना औषध म्हणून दिला. नेमक्या जागी चिकटणारे रसायन शोधणे, हेच आजही मूळ काम आहे.

ते चालते असे : तळहाताएवढ्या प्लेटमध्ये ३८४ बारीक खळगे असतात. त्यांत टी-पेशी व कॅन्सरच्या पेशी ठेवून प्रत्येकात वेगळे रसायन टाकतात. कोणत्या खळग्यात टी-पेशी जोमाने लढल्या, ते यंत्र मोजते. हजारो रसायनांतून मूठभर उरतात. मग उंदरांवर आणि शेवटी माणसांवर चाचण्या होतात.

पण नमुना पास झाला म्हणजे सारा माल पास झाला असे नाही. न्यूझीलंडमध्ये शोधलेल्या डीएमएक्सएए या औषधाने उंदरांच्या गाठी विरघळवल्या. माणसांवरील मोठ्या चाचणीत मात्र २०१० साली ते नापास झाले. कारण २०१३ मध्ये उलगडले : शरीराला जागे करणाऱ्या स्टिंग नावाच्या प्रथिनाला ते औषध उंदरात चिकटते, माणसात चिकटत नाही. एपाकॅडोस्टॅट या गोळीवरही मोठी आशा होती. २०१८ साली तीही फोल ठरली.

यशही आहे. इमिक्विमोड हे मलम त्वचेवरील रोगप्रतिकारशक्ती जागी करते. एका प्रकारच्या त्वचेच्या कॅन्सरसाठी ते अमेरिकेत २००४ साली मंजूर झाले. मायलोमा या कॅन्सरवरील लेनालिडोमाइड ही गोळी रोगट पेशींना थेट मारते व टी-पेशींनाही बळ देते.

आता व्यापाराची बाजू. लहान रेणूची हुबेहूब नक्कल दुसरा कारखाना करू शकतो. सोराफेनिब ही कॅन्सरची गोळी वेगळ्या जातीची, पण लहान रेणूच. २०१२ साली भारत सरकारच्या पेटंट नियंत्रकांनी ती बनवण्याचा सक्तीचा परवाना नॅटको कंपनीला दिला. महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपयांवरून ८,८८० रुपयांवर आला. अँटिबॉडीची नक्कल इतकी सोपी नाही. त्यासाठी मोठा कारखाना व लांबलचक चाचण्या लागतात.

वाचकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. 'शक्ती वाढवणारी' म्हणून बाजारात विकली जाणारी चूर्णे व काढे म्हणजे ही औषधे नव्हेत. लगाम फार सैल झाला तर हीच फौज आतडी, फुफ्फुसे, यकृत यांवर उलटते. म्हणून इलाज तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावा. आणि औषध लिहून मिळाले की त्याची स्वस्त जेनेरिक आवृत्ती आहे काय, हे विचारण्यास संकोच करू नये. भाव विचारल्याशिवाय आपण सुताचे बाचकेही उचलत नाही.